बिनतारी हुंडीची पारख

अँटॉप हिलवरून जाणारा मोनोरेलचा टप्पा मार्च २०१९ मध्ये खुला झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या नियंत्रण-यंत्रणेसाठी सेवा स्थगित झाली. या यंत्रणेत गाडी आपले स्थान बिनतारी संदेशाने कळवते आणि पुढे जाण्याची अनुज्ञाही तशीच मिळवते. चालकविरहित मोटारींचा परस्परसंवादही बिनतारीच. संदेश न आल्यास गाडी थांबवता येते. परंतु खोट्या संदेशावर विसंबलेली गाडी थेट अपघाताकडे जाईल.

आपले पूर्वज हुंडी सकारण्यापूर्वी तीन गोष्टी पाहत: सही कोणाची, खाडाखोड आहे का, आणि ती आधीच चुकती झालेली तर नाही? वाहनांच्या संदेशांचीही हीच परीक्षा असते. डिजिटल स्वाक्षरीवरून प्रेषक आणि मजकुरातील फेरफार कळतो, तर वेळेच्या नोंदीवरून शिळा संदेश ओळखता येतो. फरक एवढाच, की पेढीवर विचाराला अवकाश असे. येथे निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो आणि पणाला लागतात ती माणसे.