मणका मोडतो तेव्हा : कारण आणि निमित्त

‘कारण’ म्हणजे नेमकं काय, हे आज आपण कमरेच्या मणक्यावरून पाहू. सत्तरीच्या बाई पाण्याची बादली उचलतात, कमरेत सणक भरते, आणि एक्स-रेमध्ये मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसतो. घरचे म्हणतात, बादली उचलली म्हणून झालं. पण खरंच तसं आहे का?

आपल्या परंपरेत उपादान कारण आणि निमित्त कारण असा भेद करतात. घड्याचं उपादान माती, निमित्त कुंभार. इथे बादली हे निमित्त. उपादान म्हणजे ते हाड, आणि ते तर आधीच विरळ झालेलं! पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, हाडाची झीज पुरती भरून निघत नाही. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यानेही हाड ठिसूळ होतं.

उलट, आंब्यावरून पडून टाचांवर आदळलेल्या तरुणाचं हाड चांगलं असतं. तिथे निमित्तच दांडगं. आणि वेगवान गोलंदाज? २०१९ मध्ये जसप्रीत बुमराहच्या कमरेत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. अशा दुखण्यात एक मोठा आघात नसतो, तोच ताण हजारो वेळा पडतो.

आता उपचार. ठिसूळपणामुळे दबलेल्या मणक्याचं दुखणं बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत ओसरतं. वेदनाशामक, गरजेपुरता पट्टा, थोडी विश्रांती आणि लवकर हिंडणं-फिरणं. पडून राहिलं तर हाड आणखी झिजतं. मणक्यात सिमेंट भरण्याची पद्धतही आहे. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ती लुटुपुटीच्या प्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. म्हणून ती सरसकट करत नाहीत. मात्र पायांतली शक्ती गेली, लघवी तुंबली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर थांबायचं नाही. तडक रुग्णालय गाठायचं. मज्जातंतूंवर दाब आलेला असू शकतो.

हे सगळे उपचार झालेल्या मोडीचे. उपादानाचं काय? एक मणका दबला की दुसरा दबण्याचा धोका वाढतो. दुखणं थांबलं की आपण फाइल कपाटात ठेवतो, आणि चूक होते ती इथेच. डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडं बळकट करणारी औषधं, यांबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं. नुसती बादली उचलणं सोडलं आणि हाड तसंच राहिलं, तर उद्या एखादी शिंकही निमित्ताला पुरेल.