वाटणीचे व्याकरण

ग्राफ व्याकरण म्हणजे जाळ्यात बदल कसा करायचा हे सांगणारे नियम. ग्राफमध्ये बिंदू असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात. प्रत्येक नियमाला दोन बाजू: डावीकडे जाळ्यात काय शोधायचे ते, उजवीकडे त्या जागी काय बसवायचे ते. जॉन फाल्ट्झ आणि अझ्रिएल रोझेनफेल्ड यांनी 1969 मध्ये अशी व्याकरणे मांडली. 1973 मध्ये हार्टमुट एरिग, मिखाएल फेंडर आणि हान्स-युर्गेन श्नायडर यांनी त्यांना बीजगणिताचा पाया दिला.

वाक्यातल्या शब्दाला दोनच शेजारी असतात, मागचा आणि पुढचा. शब्द बदलला तरी नवा शब्द कुठे जोडायचा हा प्रश्नच येत नाही. ग्राफमधल्या बिंदूला मात्र कितीही शेजारी असू शकतात. तो बिंदू काढून तिथे दोन बसवले, तर जुन्या रेषा कोणाकडे जाणार? या विषयातले खरे काम इथेच आहे, आणि शेताच्या वाटणीत ते जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

गेवराई तालुका गोदावरीच्या दक्षिणेला आहे. जायकवाडीचा उजवा कालवा इथूनच माजलगावकडे जातो. समजा, या पट्ट्यात दोन एकरांचा एक जिरायत गट आहे. पूर्वेला पाणंद, उत्तरेला ओढा, दक्षिणेला आणि पश्चिमेला दुसऱ्यांची शेते, आणि पश्चिमेच्या बांधालगत जुनी विहीर. ग्राफमध्ये गट, पाणंद, ओढा, विहीर हे सगळे बिंदू. रेषांवर नावे: ‘बांध’, ‘वाट’, ‘पाणी’.

दोन भाऊ मधोमध उभा धुरा घालून वाटणी करतात. नियम साधा वाटतो: एका बिंदूच्या जागी दोन, मध्ये ‘बांध’ नावाची रेषा. आता जुन्या रेषा एकेक करून पाहाव्या लागतात. ओढ्याची आणि दक्षिणेच्या शेताची रेषा दोघांनाही मिळते. पश्चिमेचा शेजारी एकाच भावाकडे जातो. विहीर पश्चिमेच्या हिश्शात पडली तरी ती सामाईक, म्हणून ‘पाणी’ ही रेषा दोघांकडे न्यावी लागते. पाणंदीची ‘वाट’ मात्र फक्त पूर्वेच्या भावाला लागते. पश्चिमेच्या भावाला वाट हवी असेल, तर पूर्वेच्या भावाच्या हिश्शातून एक नवी रेषा मुद्दाम काढावी लागते. ती काढायची राहिली तरी क्षेत्राची बेरीज बरोबर येते, नावे बरोबर लागतात. अडचण कळते ती पूर्वेच्या शेतात कपाशी उभी असताना पश्चिमेच्या भावाला ट्रॅक्टर आत न्यायचा असतो तेव्हा. मग तहसीलदाराकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागावा लागतो.

जुन्या रेषांचे काय करायचे, याची दोन प्रमुख उत्तरे आहेत. यान्सेन्स आणि रोझेनबर्ग यांच्या 1980 च्या पद्धतीत बिंदूंची नावे पाहून रेषा आपोआप जोडल्या जातात. एरिग यांच्या बीजगणिती पद्धतीत बिंदू काढल्याने एखादी रेषा एका टोकाने लोंबकळत राहणार असेल, तर नियम लागूच होत नाही. जमिनीसारख्या बाबतीत ही दुसरी शिस्तच योग्य. नियम लिहिणाऱ्याला प्रत्येक रेषेचा निकाल आधी लावावा लागतो.

नियमाला अटही जोडता येते. 1947 चा तुकडेबंदी कायदा ही तशीच अट. 2023 मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याची किमान मर्यादा, जिरायतासाठी 20 गुंठे आणि बागायतासाठी 10 गुंठे ठरले. दोन एकरांचे म्हणजे 80 गुंठ्यांचे दोन समान हिस्से 40 गुंठ्यांचे होतात, पुढच्या पिढीत 20 गुंठ्यांचे. त्यानंतर जिरायतावर नियम थांबतो.

क्रमाचा प्रश्न वेगळा. दोन स्वतंत्र गटांच्या वाटण्या कोणत्याही क्रमाने केल्या तरी निकाल एकच. एकाच गटातला तुकडा विकणे आणि त्याच गटाची वाटणी करणे यांत मात्र आधी काय झाले यावर सगळे ठरते. अशा टकरी आधीच हुडकण्याच्या पद्धती आहेत. तरीही कुठलीही नियमावली दिली असता तिचा निकाल क्रमाने बदलत नाही ना, हे दर वेळी खात्रीने सांगणारा प्रोग्रॅम लिहिता येत नाही, असे डेटलेफ प्लम्प यांनी सिद्ध केले. डावी बाजू मोठ्या ग्राफमध्ये शोधणेही तत्त्वतः फार महाग आहे. नियम लहान आणि रेषांवर नावे असल्याने प्रत्यक्षात ते निभते.

संगणकशास्त्रात हे तंत्र अनेक ठिकाणी राबते. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात तयार झालेले ‘ग्रूव्ह’ हे सॉफ्टवेअर प्रणालीच्या संभाव्य अवस्था नियमांनी उलगडून चुका शोधते. ‘कप्पा’ ही भाषा पेशीतल्या प्रथिनांचे जुळणे-सुटणे अशाच नियमांत लिहिते. न्यूरल नेटवर्कची गणिते वेगवान करताना त्यांच्या ग्राफमधले तुकडे सममूल्य पण स्वस्त तुकड्यांनी बदलले जातात.

आंडी श्युर यांनी 1994 मध्ये मांडलेली तिहेरी ग्राफ व्याकरणे गेवराईच्या उदाहरणाला सर्वांत जवळची. त्यांत दोन ग्राफ एकाच वेळी वाढतात आणि तिसरा त्यांच्यातला मेळ नोंदवतो. एकीकडचा बदल दुसरीकडे न्यायचे नियम त्यातूनच निघतात. सॉफ्टवेअरमध्ये आराखडा आणि प्रोग्रॅम जुळते ठेवायला त्यांचा उपयोग होतो. जमिनीच्या बाबतीत असे दोन ग्राफ म्हणजे सातबारा आणि नकाशा: सातबारा महसूल विभागाकडे, नकाशा भूमी अभिलेख कार्यालयाकडे. फेरफार मंजूर झाला आणि पोटहिश्शाची मोजणी राहिली, तर सातबाऱ्यावर दोन हिस्से आणि नकाशावर एकच गट उरतो. तिसऱ्या ग्राफमध्ये त्या दोन हिश्शांसमोरची जागा रिकामी दिसते, आणि मोजणी कुठे बाकी आहे ते तिथेच कळते.