सावलीतली चांदी

रायपूरच्या तेलीबांध्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थंडीच्या सुरुवातीला त्यांनी डस्टी मिलरची चार रोपं आणून घराच्या उत्तरेला, शेजारच्या इमारतीच्या सावलीत लावली. महिनाभरात चंदेरी पानं हिरवट पडली आणि रोपं लुकडी होऊन लांब वाढली. खत कमी पडलं का, असं त्या विचारतात.

खत कमी पडलं नाही, ताई. ही चांदी उन्हातली आहे.

पानावर चांदी येते कशी, ते कळायला अळूवडीसाठी आणलेलं पान बादलीत तिरपं बुडवून पाहा. हिरवं पान पाण्यात शिरताच चांदीच्या पत्र्यासारखं लखलखतं आणि बाहेर काढलं की पुन्हा हिरवं, तेही कोरडं! पानाच्या मेणचट, बारीक उंचवट्यांमध्ये हवेचा पातळ थर अडकून राहतो. पाण्यातून तिरपा आलेला प्रकाश त्या हवेच्या सीमेवरून पूर्णपणे परत फिरतो. शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन मला खऱ्या अर्थानं कळलं ते या अळूच्या पानामुळं. आता याच्या उलट करा. डस्टी मिलरचं एक पान नळाखाली बोटांनी चोळा. चांदी जाते आणि खालचा हिरवा रंग वर येतो, कारण पानावरच्या बारीक केसांमधल्या हवेची जागा पाणी घेतं. चंदेरी रंगद्रव्य दोन्हीकडे नाही. चमक सगळी हवेची.

पानावरचे हे केस म्हणजे उन्हाची छत्री. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या एन्सेलिया फॅरिनोसा या झुडपावर एलेरिंजर, ब्योर्कमन आणि मूनी या संशोधकांनी १९७६ साली लिहिलं. किनाऱ्यावरच्या बिनकेसाळ भावंडाच्या तुलनेत त्याची पानं ५६ टक्क्यांपर्यंत कमी प्रकाश शोषतात, त्यामुळं तापतही कमी. जोतिबाला वाहतात तो करडा दवणाही याच पठडीतला. उत्तरेच्या भिंतीशी अशा रोपाला छत्री उघडायचं कारणच उरत नाही. नवी पानं विरळ केसांची येतात आणि खोड प्रकाश शोधत लांबतं.

सावलीतल्या चांदीची घडण निराळी असते. रोपवाटिकेत ‘अ‍ॅल्युमिनियम प्लांट’ म्हणून मिळणारं पिलिया कॅडिएराय घ्या. त्याच्या पानावरचे रुपेरी पट्टे किंचित फुगीर असतात. तिथं पानाची त्वचा खालच्या हिरव्या पेशींपासून सुटलेली असते आणि मधल्या पोकळीत हवा असते. म्हणजे अळूची चांदी पानाच्या बाहेर, तर पिलियाची कातडीच्या आत! खालचा हिरवा थर शाबूत असतो. बेगोनियाच्या अशाच पट्ट्यांवर तैवानच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये मोजमापं केली, तेव्हा प्रकाशसंश्लेषण यंत्रणेची क्षमता हिरव्या भागाइतकीच भरली.

मग पट्टे कशासाठी? यावर वाद आहे. मला आवडतो तो इक्वेडोरमधल्या रानकॅलेडियमवरचा, २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. पानं पोखरणाऱ्या पतंगाच्या अळ्या हिरव्या पानांवर जास्त आढळल्या, पांढऱ्या चट्ट्यांच्या पानांवर कमी. संशोधकांनी हिरव्या पानांवर पांढरा रंग लावला, तर तीही वाचली. पान आधीच पोखरलेलं आहे असं वाटून पतंगाची मादी पुढं जात असावी. पिलियालाही हेच लागू आहे, असं मात्र यावरून म्हणता येत नाही.

पिलियाच्या नावातलं ‘कॅडिएराय’ हे फादर लिओपोल्ड कादिएर यांच्यावरून आलं. हे फ्रेंच मिशनरी १८९२ मध्ये व्हिएतनामला गेले आणि १९५५ मध्ये तिथंच, ह्वे शहरात वारले. तिथल्या लोकांची भाषा आणि श्रद्धा यांचा अभ्यास करताना ते वनस्पतीही गोळा करत. कितीतरी घरी कुंडीत पिलिया आहे. पण कादिएर यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं, याची मला खंत वाटते.

ताई, तुमच्या त्या कोपऱ्यात पिलिया कुंड्यांमध्ये लावा. रायपूरची कन्हार माती पावसात चिकट होऊन मुळं कुजवते, म्हणून तीत वाळू आणि पालापाचोळ्याचं खत भरपूर मिसळा. हे दमट जंगलातलं रोप आहे, मे महिन्यातली कोरडी झळ त्याला सोसत नाही. तेव्हा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा आणि भोवतालची जमीन ओली राखा. दोन-तीन वर्षांनी खोडं खालून उघडी पडतात. पावसाळ्यात शेंड्याचे तुकडे खोचले की नवी रोपं तयार होतात.

डस्टी मिलर गच्चीवर सकाळच्या उन्हात हलवा. हिरवी पडलेली पानं तशीच राहतील, शेंड्याकडं लक्ष ठेवा.