‘चित्रकर्तीसाठी प्रार्थना करा’

फ्लॉरेन्सच्या सान्ता कातेरीना मठातली डोमिनिकन नन प्लाउतिल्ला नेल्ली (१५२४–१५८८) गुरूविना चित्रकला शिकली. फ्रा बार्तोलोमेओची रेखाटने तिच्यापाशी होती. पुढे तिने मठातल्या इतर नन्सनाही शिकवले. पुरुषांप्रमाणे जिवंत माणसे समोर बसवून अभ्यास करता आला असता, तर तिने अद्भुत काम केले असते, असे वसारीने १५६८ साली लिहिले. स्वतःच धडपडत शिकलेल्या मला ही स्तुती जरा कंजूष वाटते.

तिचे सुमारे सात मीटर रुंदीचे ‘अंतिम भोजन’ पाहावे. टेबलावर भाजलेले कोकरू, पाव, शेंगा, हिरवी पाने, मीठ. मठाच्या भोजनगृहात नन्स याच चित्रासमोर जेवत. वरच्या कोपऱ्यात तिने सही केली आणि लॅटिनमध्ये एक विनंती लिहिली: चित्रकर्तीसाठी प्रार्थना करा. ‘चित्रकार’ हा शब्द तिने मुद्दाम स्त्रीलिंगी केला आहे. जीर्णोद्धारानंतर २०१९ पासून हे चित्र सान्ता मारिया नोव्हेल्लाच्या संग्रहालयात आहे.