चौऱ्यांशी पेट्यांचा पडदा

भिंती उभारणे हा माझा धंदा आहे; परंतु माझ्या भिंतीला वीट लागत नाही, चुना लागत नाही, आणि संध्याकाळी उभी केलेली भिंत सकाळी मीच उतरवून टेंपोत घालतो. लोक तिला ‘एलईडी वॉल’ म्हणतात. लग्नाच्या मांडवात आणि पुढाऱ्यांच्या सभेत ती वाचकांनी पाहिलीच असेल. मला मात्र ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीत, नाटकाच्या पाठीशी उभी करण्याचे प्रसंग येतात. आणि त्यातली मेहनत निराळीच असते.

झाडीपट्टीचे नाटक ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या मुलखात दिवाळी उलटली की गावोगाव मंडई भरते. पाहुणेरावळे जमतात आणि रात्री नाटक रंगते, ते थेट पहाटेपर्यंत. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाटकमंडळ्यांचे मोठे ठाणे. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

पूर्वी नाटकामागे रंगवलेले पडदे असत : राजवाडा, रस्ता, जंगल. एक गुंडाळावा, दुसरा सोडावा. आता त्या जागी पेट्यांची भिंत मागितली की आमचे काम सुरू होते.

ही पेटी अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर उंच. तिच्यावर आडवे १२८ आणि उभे १२८ ठिपके, दोन ठिपक्यांतले अंतर चार मिलिमीटरांहून किंचित कमी. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे. यातला निळा दिवाच शास्त्रज्ञांना फार दिवस चकवीत होता. १९९०च्या सुमारास जपानी संशोधकांनी तो साधला, आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४चे नोबेल पारितोषिक मिळाले. सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच पडदा करावयाचा तर बारा पेट्यांच्या सात ओळी, म्हणजे ८४ पेट्या लागतात. ठिपके होतात सुमारे पावणेचौदा लाख!

वाचकांना वाटेल, या लाखोंच्या यंत्रात महत्त्वाचे हत्यार एखादा संगणक असेल. वस्तुतः पहिली दोन हत्यारे गवंड्याची आहेत : ओळंबा आणि पाणसळ. नाटकाचा मांडव बहुधा धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत असतो. वरून कोरडी दिसणारी ती माती आत ओल धरून असते. सांगाड्याचा एक पाय रात्रीतून बोटभर रुतला की भिंत वाकडी झालीच म्हणून समजा. म्हणून पायांखाली रुंद फळ्या घालायच्या, वजन ठेवून जमीन दबू द्यायची, आणि मगच पहिली ओळ मांडायची. तळाची एक पेटी आपल्या अर्ध्या मीटरात एक मिलिमीटर कलली, तर सातव्या ओळीच्या माथ्यावर तो कल सात मिलिमीटर होतो. शेजारच्या रांगा फाकतात, पेट्यांच्या कड्या बसेनाशा होतात. वरची चूक वर सुधारता येत नाही. सगळे उतरवून पुन्हा तळाशीच यावे लागते.

सांधा हा तर खरा वैरी. दोन पेट्यांत फट राहिली तर चित्रात काळी रेघ दिसते; त्या फार घट्ट दाबल्या तर दिव्यांची गर्दी होऊन पांढरी रेघ दिसते. माणसाच्या डोळ्याची गंमत अशी की, त्याला लहान अक्षर लांबून वाचता येणार नाही, पण सरळ रेघेतली बारीकशी खोट तो चटकन पकडतो. १६३१ साली व्हर्निए या फ्रेंच गृहस्थाने काढलेली मोजपट्टी डोळ्याच्या याच गुणावर चालते. म्हणून आम्ही पडद्यावर आधी नुसता पांढरा रंग आणतो, मग आडव्या-उभ्या रेघा. नाटकातले जंगल सर्वांत शेवटी.

मागच्या बाजूला तारांचा संसार असतो. चित्राची तार एका पेटीतून दुसरीत नागमोडी जाते. क्रम चुकला की राजाचे मुकुटधारी मस्तक पायापाशी येते! शहाणा कारागीर शेवटच्या पेटीतून आणखी एक तार उलट आणून ठेवतो. मध्ये कोठे तुटले तरी चित्र दुसऱ्या बाजूने पोहोचते. मध्यरात्रीनंतर दव उतरते. त्यावर उपाय असा की, मध्यंतरातही भिंत पुरती न विझवता मंद चालू ठेवायची. तिची स्वतःची ऊब दमटपणाला दूर ठेवते.

एवढे सगळे जमले तरी खरी परीक्षा पुढेच असते. पडदे ओढण्यात केस पिकलेले एक वृद्ध गृहस्थ माझी भिंत बराच वेळ न्याहाळून म्हणाले, “भाऊ, मानूस नटाले पाहाले येते, पडद्याले नाही.” त्यांच्या बोलण्यात मत्सर नव्हता, होती ती चिंता, आणि ती रास्त होती. कापडाचा पडदा स्वतः उजेड देत नाही, नटावर पडलेल्या उजेडातच तो जगतो. माझी भिंत मात्र स्वतःच उजेड फेकते. दिवसाच्या सभेसाठी लागणारे तेज रात्री तसेच ठेवले तर पुढे उभ्या असलेल्या नटीचा चेहरा काळवंडतो, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला तिचे डोळे भरून आलेले दिसत नाहीत. त्या डोळ्यांसाठीच तर ती थंडीत घोंगडी घेऊन बसलेली असते.

तेव्हापासून मी भिंतीचे तेज यंत्रावरचे आकडे पाहून ठरवीत नाही. एका नटाला पुढे उभा करतो, स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसतो, आणि त्याचा चेहरा स्वच्छ दिसेपर्यंत भिंत उतरवीत नेतो. मालकाला कधी कधी वाटते, एवढे भाडे भरून भिंत अंधुकच का? त्यांनाही मी शेवटच्या रांगेत नेऊन बसवतो. पुढचे समजावणे तो नटच करतो.