जुने घर घ्यावे की नवे?

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. पण ही म्हण घर बांधणाराची आहे. तालुक्याच्या गावी मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवणारा शेतकरी काय, किंवा निवृत्तीला चार वर्षे उरलेले गुरुजी काय, ते आता बहुधा घर बांधत नाहीत, तयार घर विकत घेतात. बांधणाराला निदान पायात किती दगड गेला आणि मिस्त्रीने कुठे हात राखला, ते ठाऊक असते. घेणाराच्या पुढे येते ती रंग दिलेली भिंत! भविष्यनिर्वाह निधीची सगळी पुंजी किंवा एकरभर जमीन विकून आलेला पैसा त्या भिंतीवर लावावयाचा, तर रंगाच्या आत काय आहे हे पाहिलेच पाहिजे.

जुने घर चांगले की नवे, असे सरसकट उत्तर कुणी देत असेल तर त्याचे ऐकू नका. दोन्हींत खोट असू शकते. ती लपण्याच्या जागा निरनिराळ्या. जुन्या घराच्या भिंतींची परीक्षा चाळीस-पन्नास पावसाळ्यांनी घेतलेली असते. बघणाऱ्याला ती दिसते. त्याची खरी खोट असते कागदात. नव्या घराचे कागद पुष्कळदा कोरे करकरीत असतात. पण भिंतींची परीक्षा अजून व्हायची असते.

तेव्हा जुन्या घराचे आधी कागद. गावठाणातले चार खणांचे घर आहे, विकणारा थोरला भाऊ आहे. तो म्हणतो, “घर माझंच आहे, साऱ्या गावाला विचारा.” गावाला जरूर विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. तो ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा दाखवील. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा आहे. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. जिथे नगर भूमापन झाले आहे तिथे मालमत्ता पत्रक मिळते. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन कितीतरी गावठाणांतील घरांनाही अशी पत्रके मिळाली आहेत. ते पाहा, आणि वकिलाकडून मागल्या तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घ्या. चार पैसे जातील, जाऊ द्या.

आता बहिणींचे. हिंदू कुटुंबात वडिलांनी स्वतः कमावलेले घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता वारले असतील, तर 1956 च्या उत्तराधिकार कायद्याने मुलींना मुलांइतकाच वाटा आहे. वडिलोपार्जित घरात 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच हिस्सेदार ठरली, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. म्हणजे लग्न होऊन दूर दिलेली बहीण खरेदीखताला आली पाहिजे, नाहीतर तिचे नोंदणी केलेले हक्कसोडपत्र असले पाहिजे. “ती काही मागायची नाही हो,” हे भावाचे म्हणणे खरेही असेल. पण उद्या तिची मुले मागतील, आणि तेव्हा दारात तुम्ही असाल. नोटरीसमोर केलेल्या साध्या कागदानेही घर तुमचे होत नाही; खरेदीखताची नोंदणीच व्हावी लागते. आणि आत भाडेकरू राहत असेल, तर घर विकले म्हणून तो आपोआप बाहेर पडत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कागद निर्मळ निघाले की मग घर पाहायला जा, आणि शक्य तर श्रावणात जा. उन्हाळ्यात सगळीच घरे कोरडी असतात! जोत्यापासून ओल किती वर चढली आहे, पोपडे कुठे सुटले आहेत ते बघा. तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे चाकूचे पाते टोचून पाहा. लाकूड कुजते आणि वाळवी शिरते ती बहुधा तिथूनच. वाजवून पाहिल्यावर पोकळ आवाज आला, तर ते छप्पर बदलायचे असे समजून मिस्त्रीकडून खर्चाचा अंदाज घ्या आणि तो किमतीतून वजा करून बोला.

मराठवाड्यातील माळवदाच्या घरांविषयी मात्र दोन शब्द जास्त बोलले पाहिजेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः अशाच घरांखाली. भिंती चांगल्या जाड होत्या, म्हणून लोकांना त्या भक्कम वाटत. पण मातीत रचलेल्या त्या दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांना बांधलेले नव्हते, आणि डोक्यावर दरसाल मातीचा थर चढत गेलेला. धक्का बसताच भिंतींची दोन्ही अंगे सुटली आणि मातीचा भार खाली आला. असे घर घेतले तर वरची माती उतरवून छप्पर हलके करणे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवणे आणि वरून सिमेंट-सळईचा सलग पट्टा फिरवणे, हा खर्च घराच्या किमतीतच धरावा. तेवढी ऐपत नसेल तर ते घर घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन.

नव्या घराकडे वळू. शहराच्या कडेला कालपर्यंत कापूस उभा होता अशा काळ्या रानात आज घरांच्या ओळी उठतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. तीच माती पायाखाली ठेवली तर घरालाही भेगा जातात. पाया मुरमापर्यंत नेला आहे काय, हे विचारा, आणि शेजारी दोन-तीन वर्षांपूर्वी झालेल्या घरांच्या खिडक्यांचे कोपरे न्याहाळा. तिरप्या भेगा तिथे आधी दिसतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. सिमेंट नुसते वाळत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. स्लॅब निदान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस सतत ओला राहावा लागतो. ऐन एप्रिलात टँकरच्या पाण्यावर बांधलेले घर असेल, तर हे पाणी कुठून आले याची चौकशी करायला लाजू नका. छताखाली तांबूस डाग दिसला तर आत सळई गंजू लागल्याचा संशय धरावा. गंज फुगतो आणि सिमेंटचे खपले उडवतो. नव्या घरात असा डाग असणे मुळीच बरे नव्हे.

कागद इथेही आहेत. जागा अकृषिक आहे काय, नकाशा मंजूर आहे काय, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय? मोठ्या प्रकल्पांना 2016 च्या स्थावर संपदा कायद्याखाली महारेराची नोंदणी लागते. त्यात लेखी नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बांधणाऱ्याने फुकट दुरुस्त करावयाचा असतो. पण जागा पाचशे चौरस मीटरपर्यंत असेल, किंवा घरे आठपर्यंत असतील, तर ही नोंदणी सक्तीची नाही. तालुक्याच्या गावी चार-सहा घरे बांधणारा ठेकेदार नेमका यातून सुटतो. तिथे दोषदुरुस्तीची अट आपल्या करारनाम्यात शब्दाशब्दाने लिहून घ्या. चहा पिताना दिलेला शब्द धरू नका.

माझा स्वतःचा कल विचाराल, तर वारस एकमुखी असतील आणि भिंती ठाक असतील, तर एकमजली जुने घर मला आवडते. घराची अवस्था उघड असते आणि पायाखालची जमीन आपली असते. वारसांत कुजबुज असेल तर नवे घर बरे. कर्ज काढणारांनी बँकेला आधीच विचारावे. फार जुन्या घरावर बँका हात आखडता घेतात.

कुठलेही घर ठरो, इसार थोडा द्या, पावती घ्या. शोधात खोट निघाली तर इसार परत मिळेल, हे वाक्य त्या पावतीवर विकणाराच्या सहीच्या वर असू द्या.