गीतमालेच्या पलीकडची शॉर्टवेव्ह

शॉर्टवेव्हवरचा लेख म्हटला की तो रेडिओ सिलोनला सुरू होतो आणि सिलोनलाच संपतो. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली, श्रोते कोलंबोकडे वळले, तिथली बिनाका गीतमाला गाजली, १९५७ साली विविध भारती आली. हे सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा पुढे जाऊ. बातम्यांचंही तसंच. ३१ ऑक्टोबर १९८४ला इंदिराजी गेल्याचं बीबीसीने आकाशवाणीच्या आधी सांगितलं, हेही आता घासून गुळगुळीत झालंय.

माझं भांडण निराळं आहे. गाण्यासाठी रेडिओ लावणारा रसिक खरा, पण तो आमच्या पंथातला नव्हे. आम्हा डीएक्सवाल्यांना, म्हणजे दूरची स्टेशनं शोधणाऱ्यांना, काय लागलंय यापेक्षा कुठलं लागलंय याची ओढ. दुपारी १९ मीटरचा पट्टा, तिन्हीसांजेनंतर ४१ आणि ४९चे. सूर्य मावळला की लहरी शोषणारा आयनोस्फिअरचा खालचा ‘डी’ थर विरतो, या लहरी वरच्या थरावरून परततात आणि दुपारी मुके असलेले पट्टे बोलू लागतात. सूर्यावरच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्रही आम्हाला पंचांगासारखं ठाऊक असे. नाव कळण्याआधी धून ओळखायची: बीबीसीची लिलीबुलेरो, डॉइचे वेलेचा बेथोव्हेन, रेडिओ ऑस्ट्रेलियाचा तो खदाखदा हसणारा कूकाबुरा पक्षी.

आणि मग स्टेशनला पाठवायचा अहवाल! यातच आमचा जीव. तारीख, जीएमटी वेळ, फ्रिक्वेन्सी, निवेदक काय बोलला त्याचा तपशील आणि सिनपो या मोजपट्टीचे पाच आकडे. आवाजाची ताकद, दुसऱ्या स्टेशनची ढवळाढवळ, खरखर, लहरींची चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला पाचांपैकी गुण. काहीजण सरसकट ५५५५५ लिहून मोकळे होत. ही खुशामत झाली, अहवाल नव्हे! तिकडच्या इंजिनिअरला ‘तुमच्यावर पलीकडचं स्टेशन चढतंय’ हे कळायला हवं असे. अहवालाच्या बदल्यात, ऐकल्याची पोच म्हणून, क्यूएसएल कार्ड येई. परतीच्या टपालखर्चाचं आंतरराष्ट्रीय कुपन जोडताना खिसा दुखायचा, पण कार्ड कमावलेलं असे.

पुढची कथा पडझडीची. स्विस रेडिओ २००४मध्ये, हॉलंड आणि कॅनडा २०१२मध्ये, ऑस्ट्रेलिया २०१७मध्ये आणि बीबीसी हिंदी २०२०च्या जानेवारीअखेर शॉर्टवेव्हवरून उतरले. जे उरलेत त्यांना घरातले एलईडी दिवे आणि चार्जर आपल्या खरखरीने गिळतात. ‘इंटरनेटवर सगळं स्वच्छ ऐकू येतं की,’ असं नवे पंडित सांगतात. येतं ना. पण स्वच्छ आवाजाला सिनपोत गुण काय द्यायचे?

शोधून ऐकण्याचं मोल जुनंच आहे. १९४२मध्ये स्वातंत्र्यसैनिक उषा मेहतांचा गुप्त काँग्रेस रेडिओ मुंबईत जागा बदलत ४२.३४ मीटरवर बोलत होता, तोही कोणीतरी सुई सरकवून शोधल्याशिवाय ऐकू येणारा नव्हता. म्हणून शॉर्टवेव्ह संपल्याचे गळे काढणाऱ्यांना एवढंच सांगतो: रेडिओ रोमानिया अजून हवेत आहे, अहवालाला कार्डही देतो. घरातले दिवे बंद करा, गच्चीवर तार बांधा, आणि गुण मात्र खरे द्या.